पार्लरचा विमा आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट: दोन्ही कामाला यायचे असतील तर

पार्लर चालवणाऱ्या बाईला "विमा काढलाय का?" असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "आहे की, एलआयसी आहे." मीही बरीच वर्षं हेच सांगत होते. माझं पार्लर सांगलीत, तळमजल्यावर. दोन खुर्च्या, एक फेशियल बेड, एक शाम्पू बेसिन आणि हाताखाली दोन मुली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा माझ्या दुकानात आरशाच्या वरच्या कडेपर्यंत पाणी होतं. त्यानंतर दोन वर्षांनी एका क्लायंटला हेअर कलरची रिॲक्शन आली आणि वकिलाची नोटीस हातात पडली. विम्याबद्दल आणि प्रशिक्षणाबद्दल मला जे काही कळतं, ते या दोन प्रकारांतून. ज्या क्रमाने मी करायला हवं होतं आणि केलं नाही, त्याच क्रमाने लिहिते.

आधी वही घ्या, एजंट नंतर

एजंटला फोन करायच्या आधी एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात तुमच्या रेटकार्डवरची प्रत्येक ट्रीटमेंट, दुसऱ्यात ती कोण करतं, तिसऱ्यात ती व्यक्ती ते कुठे शिकली आणि त्याचा कागद आहे का. थ्रेडिंगपासून हेअर स्मूदनिंगपर्यंत सगळं. दरवाजावरच्या बोर्डावर जे लिहिलंय, पण वर्षभरात कधी केलेलं नाही, तेही.

माझं पान भरलं तेव्हा पहिल्या दोन रकान्यांना पाच मिनिटं लागली. तिसऱ्यात मात्र "केमिकल पील" समोर मला लिहावं लागलं, "कंपनीच्या सेमिनारला बघितलं." कागद नव्हता, तारीख आठवत नव्हती. आणि कामाला असलेल्या दोघींपैकी मोठ्या मुलीच्या नावापुढे वॅक्स, ब्लीच, कलर या तिन्ही ठिकाणी एकच शब्द होता: "माझ्याकडे." म्हणजे माझ्याकडे शिकली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, पण कागदोपत्री ती कुठेच शिकलेली नाही.

विमा कंपनी पैसे द्यायच्या वेळी विचारते ते हेच: काम कोणी केलं, तिला ते येत होतं हे कशावरून, आणि त्या दिवशीची नोंद कुठे आहे. म्हणून सर्टिफिकेट आणि विमा या दोन वेगळ्या फायली समजू नका.

प्रशिक्षण: कायदा काय मागतो आणि बाकीचे काय मागतात

आपल्याकडे ब्युटी पार्लर उघडायला अमुक एक कोर्स केलाच पाहिजे, असा परवाना नाही. शॉप ॲक्टचा कागद (त्याला सगळे अजून गुमास्ताच म्हणतात) दुकानाचा असतो, तो तुमच्या हाताची परीक्षा घेत नाही. त्यामुळे तीन महिन्यांच्या क्लासनंतर दुकान टाकणं सर्रास चालतं. पण कायदा विचारत नसला तरी मुद्रा कर्ज देणारी बँक, मोठ्या सलूनची साखळी, परदेशातला मालक आणि विमा कंपनी हे चौघेही विचारतात.

मान्य कागद मिळवायचे मार्ग साधारण असे आहेत. मुलगी दहावी झालेली असेल आणि हातात वर्ष असेल, तर आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड. एक वर्षाचा आहे, फी खासगी ॲकॅडमीच्या मानाने किरकोळ, आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवर चालणारं प्रमाणपत्र. मी कुणालाही आधी हेच सुचवते, पण ऐकतात थोड्या, कारण ॲकॅडमीत फोटोशूट असतं आणि आयटीआयत नसतं.

दुसरा मार्ग केंद्राच्या कौशल्य योजनांचा. ब्युटी अँड वेलनेस क्षेत्राची एक स्किल कौन्सिल आहे, तिने कामानुसार पायऱ्या ठरवल्यात: असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, त्यावर ब्युटी थेरपिस्ट, शिवाय हेअर स्टायलिस्ट, मेकअप आर्टिस्ट, मॅनिक्युअर-पेडिक्युअर असे वेगळे. परीक्षा शिकवणारी संस्था घेत नाही, बाहेरचा परीक्षक येतो. याच रचनेत 'आरपीएल' म्हणून सोय आहे, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं. दहा-पंधरा वर्षं काम केलेल्या, पण कागद नसलेल्या बायकांसाठी याहून सोपी वाट नाही. माझ्याकडे काम करणारी मोठी मुलगी याच वाटेने गेली. कामाला घाबरली नाही, तोंडी परीक्षेला घाबरली. "निर्जंतुकीकरण आणि नुसती स्वच्छता यात फरक काय" या प्रश्नाला अडखळली आणि घरी येऊन तिने मलाच तो विचारला.

तिसरा मार्ग आंतरराष्ट्रीय डिप्लोम्यांचा. सिडेस्को ही संस्था १९४६ पासूनची, मुख्यालय झुरिकला. तिच्या मान्यतेच्या शाळा मुंबईतही आहेत. खर्च मोठा, शिक्षण तासांवर मोजलेलं, आणि क्रूझवर किंवा परदेशातल्या स्पामध्ये जायचं असेल तर उपयोगी. सांगली-मिरजेत थ्रेडिंग करायचं असेल तर गरज नाही. एक मात्र तपासा: ॲकॅडमी "इंटरनॅशनल सर्टिफिकेट" म्हणते तेव्हा खाली सही आणि शिक्का कोणाचा आहे? पुष्कळदा ॲकॅडमीनेच छापलेला सोनेरी कागद असतो. पैसे भरायच्या आधी मागच्या बॅचच्या एखाद्या मुलीचं सर्टिफिकेट मागून बघा, आणि त्यावरचा नंबर किंवा क्यूआर कोड देणाऱ्या संस्थेच्या साइटवर उघडतो का, ते पाहा.

मेकअपवाल्यांसाठी थोडं विषयांतर. मुंबईच्या सिनेमा-मालिकांच्या सेटवर कित्येक वर्षं बायकांना युनियनचं मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नव्हतं, फक्त हेअरड्रेसरचं मिळायचं. कितीही कोर्स केले तरी. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही बंदी आणि महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अट, दोन्ही मोडून काढल्या. त्याआधीच्या बायका सेटवर व्हॅनिटीत लपून काम करायच्या.

कंपन्यांच्या एक दिवसाच्या सेमिनारचे कागद फेकू नका. ते डिप्लोमाची जागा घेत नाहीत, पण "या ब्रँडचं हे प्रॉडक्ट कसं वापरायचं हे या तारखेला शिकलो" एवढं सिद्ध करतात. नवीन मशीन घेताना विक्रेत्याकडून ट्रेनिंगचं पत्र मागून घ्या, त्यावर मशीनचं मॉडेल आणि शिकणाऱ्या मुलीचं नाव हवं.

रेटकार्डवरून काय खोडायचं

तिसरा रकाना भरल्यावर काही ओळी खोडाव्या लागतात. बोटॉक्स, फिलर, सुईने त्वचेत काही सोडणं हे डॉक्टरचं काम. बोटॉक्स हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. तीळ-मस जाळून काढणंही पार्लरमध्ये चालतं, आणि ते चालू नये. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा महाराष्ट्राच्या १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याने गुन्हा आहे, आणि बेकायदा कामाचा विमा कुठलीच कंपनी भरत नाही. "एक डॉक्टर महिन्यातून दोनदा येतात" असं असेल, तर त्यांची नोंदणी आणि त्यांचा स्वतःचा इन्डेम्निटी विमा (कामात चूक होऊन इजा झाली तर भरपाई देणारा), दोन्हीच्या प्रती तुमच्या फायलीत हव्यात.

दुसरी ओळ डबीतल्या क्रीमची. लेबल नसलेलं, "आमच्या मॅडमचं स्पेशल" असं गोरेपणाचं क्रीम. अकोल्यात एकाच घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडांना सूज आली, आणि मुंबईच्या केईएममध्ये तपासल्यावर क्रीममध्ये भरमसाट पारा सापडला. ते क्रीम गावातल्या ब्युटिशियनकडूनच आलेलं होतं. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला परवाना लागतो, त्यात पारा घालायला बंदी आहे. क्रीम घ्यायचं तर बिलासह, बॅच नंबरसह.

तिसरी ओळ म्हणजे भुवयांना हेअर डाय. कुठलंही डायचं खोकं उलटं करून वाचा. आधी चाचणी घ्या आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, असा इशारा त्यावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तो इशारा छापलेला असताना तुम्ही डाय लावलात, तर पुढे बोलायला काही उरत नाही.

आता विमा: दुकानाचा

पार्लरला लागणारे विमे तीन प्रकारचे: सामानाचा, क्लायंटला इजा झाली तर भरपाईचा, आणि माणसांचा, म्हणजे मुलींचा व तुमचा स्वतःचा. एजंट सहसा पहिला विकतात आणि तिन्ही झाले असं वाटायला लावतात.

सामानासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे एकसारखी मिळणारी पॉलिसी आहे. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती लागू होते, म्हणजे आपण सगळ्याच त्यात बसतो. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल यात येतात. साधी चोरी येत नाही. त्यासाठी घरफोडीचा भाग वेगळा घ्यावा लागतो, आणि तिथेही कुलूप किंवा दार फोडल्याची खूण लागते. काम सोडून जाणारी मुलगी स्ट्रेटनर पिशवीत घालून गेली, तर घरफोडी नाही. काच, रोकड, मशीनचा बिघाड असं सगळं एकत्र हवं असेल तर 'शॉपकीपर' नावाने पॅकेज मिळतं, मात्र त्यात कुठले भाग खरंच निवडलेत, ते शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, वाचा.

आता माझी चूक. २०१९ मध्ये माझ्यावर मुद्रा कर्ज होतं आणि बँक दरवर्षी खात्यातून विम्याचे पैसे कापत होती. पॉलिसीचा कागद मी कधी मागितलाच नाही. पूर ओसरल्यावर कळलं की विमा फक्त कर्जाच्या रकमेचा, दीड लाखाचा आहे. दुकानात सामान होतं साडेचार लाखांचं, नुकसान झालं तीन लाखांचं. मला वाटलं निदान दीड लाख तरी मिळतील. पण सामानाच्या एक तृतीयांशच विमा काढला होता, म्हणून नुकसानाचीही एक तृतीयांश भरपाई: एक लाख. त्यातही चिखलाने भरलेले टॉवेल, वॅक्स हीटर आणि फुगलेली ट्रॉली मी सर्व्हेअर (नुकसान तपासायला कंपनी पाठवते तो माणूस) यायच्या आधीच रस्त्यावर टाकली होती. वास सहन होत नव्हता. "माल दाखवा," म्हणाला. काय दाखवणार? शेवटी ७२ हजार मंजूर झाले, आणि ते सरळ कर्जखात्यात गेले.

म्हणून रक्कम ठरवताना आज तेच सामान नवीन घ्यायला किती लागतील, ते धरा. खुर्ची, बेड, एसी, इन्व्हर्टर, आरसे, इंटिरियर, आणि लग्नसराईत असतो तेवढा प्रॉडक्टचा स्टॉक. या नव्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंत कमी विमा चालवून घेतात, त्यापुढे कापतात. वर्षातून एकदा मोबाईलवर दुकानाचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, आणि बिलांच्या फोटोंसह स्वतःला मेल करून ठेवा. बिलं दुकानात ठेवली तर दुकानाबरोबरच जातात, हे मी पाहिलंय.

घरातच पार्लर असेल तर घराच्या विम्यावर विसंबू नका, धंद्याचं सामान त्यात धरत नाहीत. क्लायंटच्या घरी जाऊन ब्रायडल मेकअप करणाऱ्यांनी मेकअपच्या पेटीसाठी 'ऑल रिस्क' (सामान बाहेर नेलं तरी चालणारा विमा) विचारावा, नाहीतर विमा दुकानाच्या पत्त्यापुरताच राहतो.

क्लायंटला इजा झाली तर

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. 'पब्लिक लायबिलिटी' म्हणजे ओल्या फरशीवरून क्लायंट घसरली, वरून बोर्ड डोक्यात पडला, असे अपघात. तुमच्या हातून झालेल्या ट्रीटमेंटची इजा, म्हणजे वॅक्सचा चटका, ब्लीचने भाजणं, कलरची ॲलर्जी, ही बहुधा त्यातून वगळलेली असते. त्यासाठी 'प्रोफेशनल इन्डेम्निटी' लागते किंवा ट्रीटमेंटच्या जोखमीचा भाग पॉलिसीत लेखी जोडून घ्यावा लागतो. डॉक्टरांना, सीएंना हा विमा सहज मिळतो. पार्लरसाठी शाखेतला माणूस आधी "असं काही नसतं" म्हणेल. मग ब्रोकर गाठा, ते अनेक कंपन्यांकडून कोटेशन आणतात. आणखी एक: १९९१ चा पब्लिक लायबिलिटी कायदा घातक रसायनांच्या कारखान्यांसाठी आहे. त्या नावाची पॉलिसी कुणी गळ्यात मारली तर पार्लरला तिचा उपयोग नाही.

एजंटला पुढचे प्रश्न व्हॉट्सॲपवर नाही, मेलवर विचारा आणि उत्तर मेलवरच घ्या:

– माझ्या यादीतली प्रत्येक ट्रीटमेंट धरली आहे का? (वहीचं पान स्कॅन करून जोडा.)
– माझ्या मुलींनी केलेलं काम धरलंय का, की फक्त मी केलेलं? त्यांचं कुठलं प्रमाणपत्र लागेल?
– एका घटनेला किती आणि वर्षभरात एकूण किती? पहिले किती हजार मी सोसायचे?
– वकिलाचा खर्च त्याच रकमेतून जातो की वेगळा?
– रेट्रोॲक्टिव्ह तारीख, म्हणजे ज्या तारखेनंतर केलेलं काम विम्यात धरतात ती, कुठली?

शेवटचा प्रश्न किचकट वाटतो, पण सोडू नका. हा विमा सहसा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीच्या पॉलिसीतून भरतात, इजा झाली त्या वर्षीच्या नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला क्लायंटला दोन वर्षं मिळतात. म्हणजे मार्चमध्ये कलर केला, एप्रिलमध्ये तुम्ही विमा बंद केला आणि पुढच्या वर्षी नोटीस आली, तर हात रिकामे. खंड न पडू देता नूतनीकरण करत राहिलात, तरच जुनी तारीख टिकते.

आणि "आमच्या गिऱ्हाईक कोर्टात जाणाऱ्यातल्या नाहीत" असं म्हणू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाची फी मोजतात ती ग्राहकाने सेवेला दिलेल्या पैशांवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५ लाखांपर्यंत फी शून्य. आठशे रुपयांचा फेशियल करून गेलेली बाई दहा लाख मागू शकते आणि तक्रार नोंदवायला तिला एक रुपया लागत नाही. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या सलूनमध्ये २०१८ मध्ये केस चुकीचे कापले म्हणून राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये २ कोटी रुपये द्यायला लावले होते. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये, एवढ्या रकमेला पुरावा कुठे आहे, असं विचारून ती रद्द केली आणि प्रकरण परत पाठवलं. तिथेही शेवटी प्रश्न कागदाचाच होता.

मुली आणि तुम्ही

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो: २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के, मुलीचे ०.७५. माझ्यासारख्या दोन मुलींच्या दुकानाला तो नाही, मग वर्कमेन्स कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कामावर इजा झाली तर मुलीला भरपाई देणारी, छोटी पॉलिसी घ्यावी. याशिवाय बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा मिळतो, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख. दोन्ही मुलींचा फॉर्म मी बँकेत बसून भरून घेतला. मनगट धरणं, पाठ जाणं, पायाच्या शिरा फुगणं यांना अपघात विमा पैसे देत नाही. त्यासाठी आरोग्य विमाच हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. दुकानाच्या पॉलिसीवर मात्र १८ टक्के आहेच, आणि पार्लरच्या सेवेवरचा कर क्रेडिटशिवाय (म्हणजे खर्चावर भरलेला कर वजा करू न देता) ५ टक्के झाल्यामुळे नोंदणी असली तरी तो परत मिळत नाही. बजेट करताना तो खर्चातच धरा.

रोजची नोंद

माझ्या नोटिशीची गोष्ट अशी. भाचीच्या हळदीच्या आदल्या दिवशी एक नेहमीची ताई आली. "मी चार वर्षं तुझ्याकडेच करते, कसली टेस्ट?" म्हणाली. मी कलर केला. त्या वेळी कंपनी बदललेली होती. सकाळी तिचा फोटो आला, डोळे मिटलेले, कपाळ सुजून चकाकत होतं. डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही एक दिवस उमटू शकते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तिच्या औषधाचे आणि वर थोडे, असे १८ हजार मी खिशातून दिले. माझ्याकडे दाखवायला एक ओळ लिहिलेली नव्हती.

आता पुठ्ठ्याचं कार्ड आहे. नाव, फोन, ॲलर्जी, चालू औषधं, गरोदरपण, मधुमेह, मुरुमांच्या गोळ्या (त्या चालू असताना वॅक्सने सालपटं निघतात). कलरच्या आधी ४८ तास कानामागे किंवा कोपराच्या आत टेस्ट, खोक्यावर सांगितल्याप्रमाणे. तारीख, ब्रँड, शेड, बॅच नंबर आणि तिची सही. "टेस्ट नको, माझी जबाबदारी" अशी सही घेऊन कलर करू नका. त्या सहीने तुमची जबाबदारी संपत नाही, उलट धोका माहीत होता हे सिद्ध होतं. क्लायंट परत जाते. जाऊ द्या.

शाम्पू बेसिनवर मान फार मागे वाकवू नका, खाली टॉवेलची गुंडाळी द्या. मान ताणल्याने मेंदूच्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची प्रकरणं १९९३ पासून वैद्यकीय नोंदीत आहेत. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची सवय मुलींना पहिल्या दिवशीच लावा.

प्रत्यक्ष घडलंच तर

क्लायंटला आधी डॉक्टरकडे न्या, सोबत जा, प्रॉडक्टचं खोकं बरोबर घ्या. काळजी दाखवा, पण "माझीच चूक, सगळा खर्च देते" असं लिहून किंवा मेसेजवर देऊ नका. विमा असेल तर कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करणं किंवा पैसे देणं ही अट मोडते आणि दावा फेटाळायला तेवढं पुरतं. मुली भाबडेपणाने व्हॉट्सॲप करतात, त्यांना सांगून ठेवा. त्याच दिवशी कंपनीला मेल करा. आयोगाची नोटीस आली तर उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापुढे ऐकत नाहीत. त्यामुळे पाकीट उघडलं की आधी त्यावर तारीख टाका.

पूर किंवा आग असेल तर पाण्याची रेघ भिंतीवर दिसते तोवर फोटो काढा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काहीही टाकू नका. अगदीच सडत असेल तर मेलने कळवून, फोटो काढून, मोजून मगच.

कंपनीने दावा नाकारला किंवा ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. एकटीच्या मालकीचं दुकानही तिथे तक्रार करू शकतं, वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो. नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत जायचं, तेव्हा ते पत्र तारखेसह जपून ठेवा. माझं ७२ हजारांचं पत्र मी दीड वर्षाने कपाटात शोधलं.